चेटकिणीच्या पोथीची सांगता

आमच्या घरात एका चातुर्मासात घोडेस्वार, पिस्तुलं, एक चेटकीण आणि रेड्याच्या तोंडाचा एक राक्षस यांचं यथासांग पारायण झालं. समई लावून, अक्षता वाहून, नैवेद्य दाखवून. हे मी सांगते तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात, कारण मला वाढवून सांगायची खोड आहे. आहे, नाकारत नाही. पण ती खोड त्या पारायणातच लागली. त्याआधी मी फार सरळ मुलगी होते.

अमरावतीला राजापेठेत आमचं घर होतं. साठ सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. मी कॉलेजात जात होते, वडील वकिली करत होते. आई मी लहान असतानाच गेली होती आणि तेव्हापासून वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आमचं घर चालवत होती. चालवत होती म्हणजे हाकत होती. कोर्टात समोरच्याला बोलू न देणारे माझे वडील तिच्यापुढे चुकलेल्या अशिलासारखे उभे राहत. चातुर्मासात दुपारी ती पोथी वाचायची आणि आळीतल्या बायका ऐकायला यायच्या. वाचताना कुणी कुजबुजलं तर ओवी अर्ध्यात थांबवून त्या बाईकडे बघत राहायची, ती बाई घाम पुसेपर्यंत.

मग तिला दिसेनासं झालं. हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणायची, आजकाल दिव्याला उजेडच राहिला नाही, आणि विजेवाल्यांना शिव्या घालायची. वरणात मीठ दोनदा पडायचं. एकदा खुंटीवर वडिलांचा काळा कोट टांगलेला होता, त्याला तिनं विचारलं, "जेवतं का आता?" कोट काही बोलेना. तिनं पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "नको जेवू. माह्यावर कायचा राग काढून राहिला?" आणि भाताचं पातेलं आपटून आत गेली. वडील खोलीत उभं राहून हे सगळं बघत होते. त्या दिवशी ते कोटाच्या वतीने जाऊन जेवले.

आमच्या समोर सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहत. छप्पन साली त्यांच्या घरानं सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली होती. घरातले देव गेले, पोथ्या गेल्या, तेव्हा आमच्या पोथीला त्या येण्याचा प्रश्न नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याआधीही त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या यायच्या त्या वडिलांकडचं वर्तमानपत्र न्यायला, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच न्यायच्या. एकदा तिथूनच त्यांनी आत्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आत्याबाई, मोतीबिंदू पिकला तुमचा."

"पिकला तर पिकू द्या," आत्या म्हणाली. "आंबा आहे का उतरवायले?"

"आंबाच समजा. जास्त पिकला तर आतल्या आत फुटते. मंग डाक्टरच्या बापालेही काही करता येत नाही."

अकोल्याला एक डोळ्यांचे डॉक्टर होते. नर्सबाई त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि त्यांच्या हाताबद्दल असं बोलायच्या, की जणू तो हात वेगळा गावाला जाऊन-येऊन असतो. आत्याला अकोल्याला न्यायचं यावर वर्षभर घरात वाद चालला. उन्हाळ्यात ती म्हणायची ऊन आहे, हिवाळ्यात म्हणायची थंडी आहे. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. तिच्या नात्यातल्या एका बाईचा डोळा शस्त्रक्रियेत गेला होता, पण ते नाव ती काढायची नाही. जी बाई जन्मात कुणाला भ्याली नाही, तिला भीती वाटते हे सांगायची सवयच नसते.

शेवटी चातुर्मास लागायच्या वेळी तिनं जाहीर केलं: या वर्षी मोठी पोथी पूर्ण ऐकणार, आणि सांगता झाली की अकोल्याला जाणार. संकल्पच करणार तसा. आम्ही खूश झालो. तिनं घरातली सगळ्यात जाडजूड पोथी निवडली हे लक्षात यायला आम्हाला वेळ लागला. ती पोथी कार्तिकापर्यंत सहज पुरली असती. वाचायचं मी, कारण तिचा "घसा बसला" होता. पोथीची शिवण सुटली होती म्हणून वडिलांनी ती बाइंडरकडे टाकली आणि आदल्या संध्याकाळी, कोर्टातून येता येता, कागदात गुंडाळलेली घेऊन आले.

संकल्पाच्या दिवशी दुपारी बायका जमल्या. आत्यानं चौरंगावरच्या लाल कापडाच्या बांधणीच्या ग्रंथावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हातात पाणी घेऊन संकल्प सोडला, त्यात अकोला मोठ्यानं म्हटलं. अक्षता टाकल्या. मग ग्रंथ उघडला, पहिल्या पानावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि बायकांना म्हणाली, "नवीन बांधणीनं अक्षर कसं उठून दिसून राहिलं." आणि माझ्या हातात दिला.

मी वाचलं: प्रकरण पहिले. रक्ताळलेली चांदी.

पुढचं मनात वाचलं. एक घोडेस्वार रात्रीच्या वेळी चांदीच्या खाणीच्या गावात येतो आणि दारूच्या दुकानाच्या दारात एक माणूस मरून पडलेला असतो, ज्याच्या डोळ्यांच्या जागी दोन भोकं असतात.

बाइंडर राजापेठेतल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीचीही बांधणी करायचा. लाल कापडाचा तागा एकच. पोथी तिकडे गेली होती आणि इकडे हे आलं होतं.

"आत्या," मी हळूच म्हटलं, "ही आपली पोथी नाही."

सगळ्या बायका आत्याकडे बघायला लागल्या. अक्षर कसं उठून दिसतं, हे तिनं आत्ताच सांगितलं होतं. चुकलं म्हणाली असती तर दिसत नाही हे सगळ्या आळीसमोर कबूल झालं असतं.

"मले माहीत आहे," आत्या म्हणाली. "हीच ऐकायची आहे. वाच."

मी वाचलं. दुसरा इलाजच ठेवला नव्हता तिनं. मेलेल्या माणसाच्या वर्णनापाशी दोन बायका पदर सावरून उठल्या आणि गेल्या. बाकीच्या उठतील असं वाटलं होतं, पण त्या सरकून जवळ आल्या.

संध्याकाळी वडील आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते लायब्ररीत गेले आणि परत आले ते हसू दाबत. आमची पोथी लायब्ररीवाल्यानं न उघडताच बडनेऱ्याच्या एका रेल्वेतल्या माणसाला रहस्यकथा म्हणून भाड्यानं दिली होती. तो माणूस गावाला गेला होता, पोथीसकट. (महिन्याभरानं त्यानं ती परत केली. म्हणाला, बरी आहे, पण पात्रं फार.) वडील आत्याला म्हणाले, "अक्का, पोथी मिळंल तेव्हा नवीन संकल्प कर."

"केलेला कसा मोडू?"

वडिलांनी कोर्टात घेतात तसा वेळ घेतला. त्यांना अकोला महत्त्वाचं होतं, आणि हे पुस्तक पोथीच्या चौथाईएवढंही नव्हतं हे त्यांनी हातानं तोलून बघितलं होतं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "अक्षता ज्याच्या डोक्यावर पडल्या त्याच्याशीच लग्न लागते. आता याचीच सांगता करा."

आत्याच्या लक्षात आलं की आपण फसलो. पण बोलणार कुणाला?

अशी ती पोथी सुरू झाली. हजारो मैलांवरच्या कुठल्याशा मुलखातली ती गोष्ट कुणीतरी मराठीत आणली होती, आणि आणणारा पुण्याचा असावा. कारण चेटकीण बोलायची ती अशी: "आपण कृपया हलू नये. मला आपले डोळे काढावयाचे आहेत."

"चेटकीण पुण्याची दिसते," आत्या म्हणाली.

ही चेटकीण एका दरीत राहायची. गावातल्या लोकांनी तिची चांदी चोरली म्हणून ती एकेकाचे डोळे काढून काचेच्या बरण्यांत भरून ठेवायची. तिच्या पहाऱ्याला अर्धा माणूस आणि अर्धा रानगवा असा राक्षस होता. आत्यानं त्याला हेला ठरवलं, हेला म्हणजे रेडा. त्यानंतर मीही हेलाच वाचू लागले. घोडेस्वार हा गावाचा नवा फौजदार. त्याच्या गावात झाड नाही, पाणी नाही, नुसतं निवडुंग आणि ऊन.

"एवढं ऊन म्हणजे अकोल्याकडचंच गाव असंल," आत्या म्हणाली. ते तिनं एकदा ठरवलं आणि मग चेटकिणीची दरी कायमची अकोल्याच्या पुढे गेली. मला तेव्हा गंमत वाटली. त्याचा अर्थ नंतर लागला.

बाकी तिला शंकाच फार. गुराख्याजवळ बंदूक काहून? त्या गावात एकही बाई स्वैपाक करताना दिसत नाही, मग हे लोक जेवतात काय? आणि बरण्यांचं तर तिला राहूनराहून वाटायचं. "लोणच्यावर तेल आलं पाहिजे, नाही तर बुरशी धरते," ती म्हणाली. "डोळ्याले काय घालत असंल ही?" बायकांनी बराच वेळ चर्चा केली. मीठ चालणार नाही, झोंबेल, असं ठरलं.

पोथीच्या अध्यायाच्या शेवटी फलश्रुती असते, हा अध्याय ऐकल्यानं काय लाभ होतो ते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "फलश्रुती वाचत नाहीस तू. गाळून राहिली."

मी म्हटलं, यात नाही. ती म्हणाली, असं कसं, ग्रंथ आहे ना? मला राग आला. एवढी भर दुपारची घसा कोरडा करून वाचते आहे, वर चोरीचा आळ. मी पुस्तक तोंडासमोर धरलं आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, "हा अध्याय जो भक्तिभावाने ऐकेल, त्याच्या घोड्याचा नाल कधीही पडणार नाही."

सगळ्यांनी हात जोडले. कुणाकडे घोडा नव्हता.

मग मला ते आवडायला लागलं. हा अध्याय ऐकणाऱ्याला निवडुंगाचा काटा टोचत नाही. हा अध्याय ऐकणाऱ्याला हेला स्वप्नात येऊनही शिंग मारत नाही. हा अध्याय ऐकणाऱ्याला दारूच्या दुकानात पाठीमागून गोळी लागत नाही. यावर कोपऱ्यातली एक बाई गंभीरपणे म्हणाली, "हे आमच्या ह्यांच्यासाठी अजून एकदा म्हण." मी म्हटलं.

नर्सबाई एका दुपारी वर्तमानपत्र न्यायला आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ऐकत राहिल्या. फौजदाराच्या मित्राचे डोळे निघत होते. शेवटी त्यांच्यानं राहवेना. "एवढं रक्त नाही जात," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं कधी डोळा पाह्यलाच नाही."

आत्या आवाजाच्या दिशेनं वळली. "बाई, उभ्या काहून? आत या ना."

"तुमच्या पोथीले मी कशी येऊ, आत्याबाई?"

"ही कुठली पोथी? हिच्यात एकही देव नाही," आत्या म्हणाली. "बसा. त्या हेल्याचं काय होते ते ऐका."

त्या आत आल्या आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. इतकी वर्षं समोरासमोर राहून त्या आमच्या घरात प्रथमच बसल्या. एका चेटकिणीमुळे. तेव्हापासून त्यांची पाळी सकाळची असली की दुपारी त्या हजर, आणि प्रत्येक खुनानंतर लेखकाचं कुठे चुकलं ते सांगायच्या.

पुस्तक पातळ होत चाललं. आत्यानं वेग कमी करायला जे जे करता येतं ते केलं. एकादशीला रक्ताचा अध्याय नको. सोमवारी घोडा मरतो तो नको. कालचं नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाच. तरी संपणारी गोष्ट संपायलाच आली. नर्सबाईंनी अकोल्याच्या डॉक्टरांकडून दिवस ठरवून आणला, स्वतःची रजाही टाकली. "आता एक-दोन दिवसांत होईल," मी एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं. आत्या ताटातली पोळी तशीच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. फौजदार एकटाच दरीत उतरला. गुहेत शिरला. भिंतींना लागून बरण्यांच्या रांगा, आणि प्रत्येक बरणीतून कुणीतरी त्याच्याकडे बघतंय. मागून हेल्याचा श्वास ऐकू आला. "फौजदाराने गर्रकन मागे वळून पाहिले आणि"

आणि काही नाही. पुढची पानं नव्हती. कोरा पुठ्ठा होता.

बायकांनी बाइंडरला जे म्हटलं ते मी लिहीत नाही. वडील त्याच्याकडे गेले तेव्हा तो खळीच्या भांड्यावर हात ठेवून शपथेवर म्हणाला, वकीलसाहेब, मी पानं लावून पाहूनच शिवतो. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. लायब्ररीवाल्याकडे दुसरी प्रत नव्हती. माझ्या मैत्रिणीच्या भावानं नागपूरच्या दुकानांत विचारलं, तिथंही नाही.

आत्या शांत होती. "सांगता नाही तर अकोला नाही," ती म्हणाली. "अर्धवट पारायण टाकून गेलं तर काय होते माहीत आहे ना?" आणि किती दिवसांत पाहिला नव्हता अशा उत्साहानं शेंगा फोडायला बसली.

नर्सबाईंनी मला दाराबाहेर बोलावलं. त्या चिडलेल्या होत्या. "उजवा डोळा आता थांबत नाही," त्या म्हणाल्या. "हा दिवस गेला तर पुढचा मिळेपर्यंत तो जाईल. डावा त्याच्याच मागं आहे. तुमच्या पोथीचं काय करायचं ते करा."

त्या रात्री मला झोप आली नाही. आत्याला दिसणार नाही म्हणजे काय, हे मी तोपर्यंत नीट मनात आणलंच नव्हतं. कोटाची गोष्ट मी कॉलेजात सांगून हसवलं होतं सगळ्यांना. आता तोच कोट आठवला आणि रडू आलं. ती आयुष्यभर कोटांना जेवायला बोलावत राहणार, आणि आम्ही तिला सांगणार की उजेड कमी आहे.

सकाळी मी जाहीर केलं, पानं सापडली. पुठ्ठ्याच्या आत चिकटली होती. आत्या दचकली. मला वाटलं आनंदानं.

दुपारी खोली भरली. मी पुस्तक शेवटच्या कोऱ्या पुठ्ठ्याशी उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

फौजदारानं गर्रकन मागे वळून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की पिस्तुलातल्या गोळ्या संपल्या आहेत. जवळ फक्त शिदोरी होती. त्यानं ती सोडली आणि हेल्याला विचारलं, जेवतं का? एवढ्या वर्षांत त्या हेल्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. तो खाली बसला. भाकर आणि मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला त्याच्या नाकातून पाणी आलं, दुसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या धारांत त्याचं शिंग, त्याचं कातडं सगळं गळून पडलं आणि आत एक साधा, घामाघूम झालेला माणूस निघाला.

"कोणता ठेचा?" एक बाई म्हणाली. "हिरव्या मिरचीचा," मी म्हटलं. "इथे स्पष्ट लिहिलं आहे."

चेटकिणीनंही उरलेलं खाल्लं आणि रडली. रडून मोकळी झाल्यावर तिनं बरण्या उघडल्या. गावकरी रांगेनं आले आणि आपापले डोळे घेऊन गेले. एका म्हाताऱ्या बाईची बरणी मात्र तशीच राहिली. फौजदार तिच्या घरी गेला. ती म्हणाली, मला नको, मला आता अंधाराची सवय झाली, आणि पुन्हा बसवताना दुखेल. फौजदार तिला भित्री म्हणाला नाही. त्यानं टोपी काढली, तिच्या खाटेशी बसला आणि म्हणाला, दुखेल. पण तुम्हाला मी दिसेपर्यंत मी इथून हलणार नाही.

माझा आवाज कसातरी व्हायला लागला होता. मी घाईघाईनं फलश्रुतीला आले. "हा अध्याय जो भक्तिभावाने ऐकेल, त्याला" म्हणाले, आणि पुढे शब्दच येईना. कोरा पुठ्ठा समोर धरून मी नुसती बसून राहिले.

"त्याले दिसंल," नर्सबाई शेजारून म्हणाल्या.

आत्यानं माझ्याकडे तोंड केलं. मग तिनं हात जोडले. "झाली सांगता," ती म्हणाली. "शिरा आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपली पेटी स्वतः भरली. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला गेलो: आत्या, नर्सबाई आणि मी. वडिलांना कोर्ट होतं, पण ते स्टेशनापर्यंत आले आणि गाडी सुटल्यावरही विनाकारण हात हलवत राहिले. आत्यानंही हात हलवला, भलत्याच माणसाकडे बघून.

शस्त्रक्रियेनंतर तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही. मी स्टुलावर बसले ती बसलेच. तिला चैन पडेना म्हणून मी हळू आवाजात फौजदाराच्या पुढच्या गोष्टी रचून सांगू लागले. थोड्या वेळानं पलीकडच्या खाटेवरून, पट्ट्यांच्या आतून, एक जाड आवाज आला, "मंग त्या हेल्याचं लग्न झालं का नाही?" सगळा वॉर्ड ऐकत होता. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. मी पटकन बरण्यांतले डोळे काढून त्यांत दात घातले आणि पुढची गोष्ट चालू ठेवली. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, या वॉर्डात कुणी हलत का नाही आज? नर्सबाई म्हणाल्या, फौजदार दरीत लटकून आहे, सर.

महिना-दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. आत्यानं तो लावला आणि पहिलं वाक्य बोलली, "हे जाळं कोणी ठेवलं कोपऱ्यात?" मग घरभर हिंडून आम्ही किती घाणीत राहतो ते सांगितलं. नर्सबाईंना म्हणाली, "तुमी एवढ्या तरुण आहा का? मी तुम्हाले माह्या बरोबरीचं समजून बोलून राहिली होती." वडील कोर्टातून आले तेव्हा मात्र ती त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. मग तिनं त्यांना गरम पोळी वाढली.

दुपारी मला हाक मारून तिनं दार लोटलं. आपल्या गादीच्या खोळीत हात घातला आणि चुरगळलेली छापील पानं बाहेर काढली. मला कळायला क्षणभर लागला. मग कळलं, आणि मी संतापले. बाइंडर, नागपूरची दुकानं, माझी ती रात्र.

"तू म्हणाली ना, एक-दोन दिवसांत होईल," आत्या म्हणाली. "मंग मी काय करू? शेवटची पानं हाताले लागली ती फाडली. बस खाली. आता मी वाचतो, तू ऐक."

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचू लागली, अडखळत, बोट ठेवून, पण स्वतः. फौजदारानं हेल्याला गोळी घातली. गुहेला सुरुंग लावला. सगळ्या बरण्या फुटल्या आणि डोळे मातीत मिसळले. चेटकीण हसत हसत मेली. फौजदार चांदी घोड्यावर लादून निघून गेला आणि ते गाव आंधळंच राहिलं. समाप्त.

आत्यानं पानं मांडीवर ठेवली. "बरं झालं, हे आधी मले कोणी वाचून नाही दाखवलं," ती म्हणाली. "मी गेलीच नसती."

मी अजून रागातच होते. "मी वाचत होते तेव्हा पानं तुझ्याकडे होती," मी म्हटलं. "म्हणजे मी खोटं वाचते आहे, हे तुला माहीत होतं."

"तेवढंच तर माहीत होतं," आत्या म्हणाली. "पानं माह्या गादीत, अन् तू घसा भरून वाचून राहिली. पुस्तकासाठी गेली का मी अकोल्याले?"

माझा राग कुठे गेला ते मला आजवर समजलेलं नाही.

तिनं ती पानं चुलीत घातली आणि त्यावर चहा ठेवला. बाइंडरकडे वाटीभर शिरा पाठवला. तो का पाठवला हे त्याला सांगितलं नाही, त्यामुळे तो बरेच दिवस घाबरून होता. मग मला कागद आणि टाक आणून दिला. लायब्ररीचं पुस्तक अर्धवट परत करायचं नाही, म्हणाली. तुझंच लिहून दे, तो शिवून देईल.

मी ओसरीत बसून लिहायला लागले. ती मागे उभी राहून माझ्या खांद्यावरून चष्म्यातून बघत होती. निम्म्यावर आले असेन, तेव्हा तिनं बोट कागदावर टेकवलं.

"हिरव्या मिरचीचं राहिलं इथं," ती म्हणाली.